कोजागिरीचे सात पिवळे ग्लास

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. परवा कोजागिरी. गच्चीवर साडेआठपासून जमायचं. माणशी १५० रुपये खजिनदारांकडे. भेळ दहाला, मसाला दूध बाराला. डायबेटिसवाल्यांचं बिनसाखरेचं दूध वेगळं, त्यांच्या ग्लासला पिवळं स्टिकर असेल म्हणजे गोंधळ नको. यादी : ए-१०२, ए-३०४, बी-२०१, बी-४०३, सी-२०२, सी-३०१ आजी, सी-५०४. कोणी राहिलं असेल तर कळवा.

ए-४०२: किती विचार करता सगळ्यांचा! छान.

बी-३०१: कॅरम बोर्ड मी वर नेतो. स्ट्रायकर गेल्या कोजागिरीपासून गायब आहे. कोणाकडे चुकून गेला असेल तर द्या. गेले वर्षभर पोरं बांगडीने खेळतायत.

ए-३०४: माझं नाव यादीत कोणी घातलं?

सेक्रेटरी: वहिनी, हळदीकुंकवाला तुम्हीच म्हणालात ना, तिळाचा लाडू नको, शुगर निघालीय.

ए-३०४: तुमच्या मिसेसना म्हणाले होते. स्वयंपाकघरात. ११४ जणांच्या ग्रुपवर नव्हे. आमच्याकडे मुलीची स्थळं बघणं चालू आहे, आणि त्यातल्या एका स्थळाची आत्या याच ग्रुपवर आहे.

सी-५०४: माझ्या सासूबाईंना माहीत नव्हतं. आता कळलंय. फोन वाजतोय.

सेक्रेटरी: अहो, हेतू चांगलाच होता. डिलीट करतो.

बी-३०१: करा, पण वाचलंय सगळ्यांनी.

ए-५०१: (फॉरवर्ड) रात्री भेंडी चिरून पाण्यात टाका, सकाळी ते पाणी प्या, ३० दिवसांत मधुमेह मुळापासून...

सेक्रेटरी: काका, फॉरवर्ड नको. तिसरी वेळ सांगतोय.

ए-४०२: वाद कशाला? सगळ्यांच्याच दुधात गूळ घालू. नैसर्गिक असतो, डायबेटिसला चालतो.

सी-१०३ (डॉक्टर): नाही चालत. गुळातही बहुतेक साखरच असते. शुगर तशीच वाढते. आणि उकळत्या दुधात गूळ घातलात तर दूध फाटेल ते वेगळंच. बिनसाखरेच्या दुधाबद्दलही सांगून ठेवते. दुधात स्वतःची साखर असते, १०० मिलीत साधारण ५ ग्रॅम. दोन लिटरचं आटवून एक लिटर केलं की तीच दुप्पट दाट. म्हणजे ‘आपलं बिनसाखरेचं आहे’ म्हणून दोन ग्लास पिणाऱ्यापेक्षा साखर घातलेलं अर्धा कप पिणारा शहाणा ठरू शकतो. भेळेतले कुरमुरे तर भातच आहेत, फुगवलेला. त्यांना स्टिकर कोण लावणार?

ए-१०२: मॅडम, माझं वजन ५८ किलो. लग्नातसुद्धा गोड टाळतो. तरी शुगर आहे म्हटलं की समोरचा हसून म्हणतो, ‘खात असणार चोरून.’ याला काय उत्तर द्यायचं?

सी-१०३ (डॉक्टर): आपल्या पुण्यातलंच उत्तर आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. मोजल्यावर शरीरातली चरबी मात्र एकाची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिक सरांची २१.२. आपल्याकडच्या बारीक माणसातही चरबी लपलेली असते, शिवाय घराणंही असतं. दरवेळी जिलबीचा गुन्हा नसतो.

ए-१०२: हे प्रिंट काढून दाराला लावतो.

बी-४०३: यादी आलीच आहे तर मीही बोलते. मला नऊ वर्षं झाली. ग्लासचं मला काही नाही. सकाळी उठल्यावर पहिली बोटाला सुई, मग चहा. १२० आली की दिवस चांगला. १६५ आली की आदल्या दिवसाचं घास न् घास आठवायचं, आणि काहीच सापडत नाही. परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटतं, आणि परीक्षा रोज. पोरगा परगावाहून फोन करतो तर ‘कशी आहेस’ नाही विचारत, ‘किती आली’ विचारतो. गेल्या महिन्यात वहीत खोटे आकडे लिहिले मी. डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून. हसू नका कोणी.

सी-२०२: हसत नाही वहिनी. मी सुया दोन महिने कपाटात ठेवल्यात. बघायचंच नाही म्हटलं.

सी-१०३ (डॉक्टर): दोघींनाही सांगते, हे आळशीपण नाही. याला डायबेटिस डिस्ट्रेस म्हणतात. विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये त्यासाठी वीस प्रश्नांची यादी केली, ती आजही वापरतात. आजाराच्या रोजच्या हमालीला माणूस विटतो, ते हे. नैराश्य वेगळं, पण मधुमेहींत तेही इतरांच्या दोन-तीन पट आढळतं. सकाळचा आकडा आदल्या दिवशीच्या जेवणावरच ठरत नाही. पहाटे शरीर स्वतःच यकृतातून साखर सोडतं. झोप मोडली, डोक्याला घोर लागला, ताप आला, तरी वाढते. वहीत खरा आकडा लिहा, आणि शेजारी ‘रात्रभर झोप नाही’ हेही लिहा. तुमच्या डॉक्टरांना त्याचाच जास्त उपयोग होईल. मन फारच खचलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे. फुकट, दिवसरात्र, मराठीतही.

ए-५०१: मी रोज दहा हजार पावलं चालतो, मला कसलं डिस्ट्रेस नाही.

बी-४०३: काका, तुम्हाला शुगरही नाही.

बी-२०२: मला एक बोलायचंय. आमच्या शेजारच्या काकांबद्दल आहे, पण ते ग्रुप वाचतात, म्हणून त्यांच्यासमोरच बोलतो. गेल्या कोजागिरीला काका गच्चीवर पडले, आठवतंय? आठला गोळी घेऊन आले, जेवले नव्हते, ‘वर भेळ आहेच’ म्हणाले. भेळ संपली होती. सव्वाअकराला त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरत होते, काहीतरी असंबद्ध बोलायला लागले. सेक्रेटरींनी दुधाचा ग्लास पुढे केला, तर आपल्यातल्याच चौघांनी हात धरला. ‘गोड देऊ नका, त्यांना शुगर आहे!’ त्यात मीही होतो. मॅडम खालून आल्या आणि तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली तेव्हा कुठे सावरले.

सी-१०३ (डॉक्टर): हो. त्यांची गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी आहे, पोटात अन्न असो वा नसो. ती घेऊन जेवण चुकवलं की साखर ७० च्या खाली जाऊ शकते. तेव्हा गोडच द्यायचं, १५ ग्रॅम, म्हणजे छोटे तीन चमचे साखर. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची, कमीच असेल तर पुन्हा द्यायची. मग पोळी-भाजी. बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ लावायचा. चतुर्थी-एकादशी करणाऱ्यांनीही गोळीचं डॉक्टरांना आधी विचारा. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची दुसरी गोळी, नुसत्या तिच्यावर असं सहसा होत नाही, पण आपली गोळी कोणती हेच अर्ध्यांना माहीत नसतं.

बी-२०१: मी वाचतोय. टायपिंग हळू आहे, थांबा.

बी-२०१: पडलो त्याचं काही वाटलं नाही. वयात होतं. पण डोळ्यांपुढे अंधारी असली तरी कानांना ऐकू येत होतं. कोणीतरी म्हणालं, ‘सकाळी दोन जिलब्या खाल्ल्या यांनी, मी पाहिलं.’ एकच खाल्ली होती.

बी-२०१: दुसऱ्या दिवसापासून आवारातल्या फेऱ्याही सोडल्या. गेटपर्यंत गेलं की चार जण विचारायचे, ‘काका, किती आहे आता?’ गुडघ्याचं कारण सांगत आलो. गुडघे ठणठणीत आहेत. तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर (एचबीए१सी) तेव्हा ७.१ टक्के होती, आता ८.४ आहे. आकडा विचारायचा होता ना सगळ्यांना, घ्या.

(बराच वेळ कोणाचाच मेसेज नाही.)

सेक्रेटरी: काका, चुकलं.

बी-२०२: काका, रात्री जेवल्यावर मी कुत्र्याला खाली नेतोच. चला बरोबर. शुगरचा विषय निघणार नाही. पार्किंगचं भांडण वर्षभर पुरेल एवढं आहे.

सी-१०३ (डॉक्टर): जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटं सर्वांत कामाची. स्नायू चालायला लागले की इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतात. दहा हजारांचा हिशेब ए-५०१ काकांना ठेवू दे. फक्त अनवाणी नको, आणि घरी आल्यावर तळवे बघायचे. ज्यांना चालणं जमत नाही त्यांनी खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायचं-बसायचं. आजींना मीच शिकवलंय.

सी-३०१ (नात टाइप करतेय): आजी म्हणते सात वेळाच जमतं, पण दोनदा करते. आणि तिला ग्लासवर स्टिकर नको, पिवळा रंग आवडत नाही.

ए-३०४: सेक्रेटरी, सोपं आहे. पातेलंभर सगळंच दूध बिनसाखरेचं आटवा. केशर, वेलदोडे, जायफळ नेहमीसारखं. साखर बाजूला वाटीत. ज्याला हवी तो घालून घेईल. कोणी कोणाकडे बघायचं नाही.

सी-१०३ (डॉक्टर): ती वाटी मला दिसेल अशी ठेवा. तेच आपलं औषधही आहे.

खजिनदार: साखर अर्धीच लागेल मग. १४० रुपये घेऊ?

सेक्रेटरी: १५०च राहू दे. दूध दहालाच देऊ, चंद्र तेव्हाही असतोच. गोळीवाल्यांनी... म्हणजे सगळ्यांनीच जेवून या.

ए-५०१: परंपरेप्रमाणे बाराला प्यायचं असतं.

सी-५०४: काका, तुम्ही बाराला प्या. भेंडीचं पाणी.

बी-२०१: मी साडेआठला येतो, जेवून. स्ट्रायकर माझ्याकडे आहे. त्या रात्री झब्ब्याच्या खिशात राहिला.