'डेफिशियंट' संख्येला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरिका: 4294967297 या संख्येवरचा एक लेख मराठीत आणतेय. त्यात ही संख्या 'डेफिशियंट' असल्याचं म्हटलंय, म्हणजे तिला स्वतःला वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज तिच्याहून कमी भरते. असे विभाजक इनमिन तीन: 1, 641 आणि 6700417. बेरीज 6701059. मी 'अपूर्ण संख्या' लिहिलं, तपासणाऱ्यांनी खोडून 'न्यून' केलं. 'अपूर्ण'चं काय बिघडलं?

आडवातिडवा: वाचणारा थेट अपूर्णांकात जाऊन पडेल, हे बिघडलं. 'पूर्ण संख्या' हे नाव शाळेनं आधीच 0, 1, 2, 3 वगैरेंना देऊन टाकलंय, म्हणून तर विभाजकांची बेरीज बरोबर स्वतःइतकी भरणाऱ्या 6, 28, 496 या मंडळींना 'परिपूर्ण' म्हणावं लागतं.

निव्वळवाचक: 'न्यून' म्हटलं की मला न्यूनगंडच दिसतो. साधं 'उणी' म्हणा की.

आडवातिडवा: उणे पाच, उणे सात. ऋण संख्या वाटेल हो!

हिशेबनीस: अर्थसंकल्प तुटीचा असतो नाहीतर शिलकी. तेच घ्या. 12 चे विभाजक 1, 2, 3, 4, 6, बेरीज 16, म्हणून 12 शिलकी. तुमची 4294967297 तुटीची, आणि तूटही केवढी!

जुना_मास्तर: परिभाषेत बाजार आणू नये. 'न्यून' आणि 'अधिक' हे जोडशब्द तयार आहेत. बाकी या संख्येची खरी ओळख तूट नव्हेच. मूळ संख्येचा कोणताही घात घ्या, तोही तुटीचाच निघतो. त्यात नवल काय? ही संख्या म्हणजे 2 चा 32 वा घात अधिक 1, आणि ती मूळ असावी असं फर्मा या गणितज्ञाला वाटत होतं. ऑयलरनं 1732 मध्ये 641 नं भाग जातो हे दाखवलं.

निव्वळवाचक: मास्तर, 'मूळ' का? 'अविभाज्य' जास्त बोलका नाही का?

जुना_मास्तर: 7 ला 7 नं भाग जातो, मग अविभाज्य कशी? इतर संख्या जिच्यापासून गुणाकारानं बनतात ती मूळ.

आडवातिडवा: वर्गमूळ, घनमूळ, मूळ किंमत, मूळ संख्या. एकाच शब्दावर किती ओझं! जुना शब्द 'दृढ' होता, तो सोडायलाच नको होता.

जुना_मास्तर: 'लीलावती'तल्या कुट्टकात, म्हणजे समीकरणाची पूर्णांकी उत्तरं काढायच्या रीतीत, दृढ म्हणतात ते भाज्य आणि हार यांच्या जोडीला, सामाईक अवयवानं भागून घेतल्यावर. म्हणजे आपल्या सहमूळच्या (1 सोडून सामाईक अवयव नसलेल्या जोडीच्या) जवळचा शब्द. एकट्या संख्येला तिथे दृढ म्हटलेलं नाही.

भाषांतरिका: लेखात पुढे 'स्क्वेअरफ्री'ही आहे, दोन्ही मूळ अवयव एकेकदाच येतात म्हणून. 'वर्गमुक्त' चालेल ना?

निव्वळवाचक: वर्गमुक्त समाजाची सभा आहे का कुठे? 😀

हिशेबनीस: चालेल. पण आधी ती संख्या अक्षरांत कशी लिहिणार ते सांगा. 4 अब्ज 29 कोटी 49 लाख 67 हजार 297?

आडवातिडवा: सरळ 429 कोटी लिहा. अब्ज कोण बोलतं? हिंदीतला 'अरब' तरी लोकांच्या तोंडी आहे.

जुना_मास्तर: तो 'अर्बुद'वरून आला, आणि अर्बुद म्हणजे दहा कोटी. हिंदीनं त्याला एक शून्य जास्त लावलं. अब्ज शंभर कोटींचाच होता आणि आहे. तोंडी नसेल तर रुळवा.

आडवातिडवा: रुळवून शब्द रुळत नाहीत, मास्तर. 'अधिकोष' रुळवायला निघालेले लोक आज बँकेतच रांगेत उभे असतात.