पोलादात एकच स्वस्त पुरवठादार चालत नाही

वर्षभराचा दर बांधून सगळं काम सर्वांत स्वस्त पुरवठादाराला द्यावं, असं एक मत आहे; ते स्टेशनरीपुरतं ठीक. पोलादाचं तसं नाही. मे २०२२ मध्ये केंद्राने त्यावर १५ टक्के निर्यात शुल्क लावलं, नोव्हेंबरात काढलंही. भाव असा वर-खाली होणाऱ्या वर्षी नागपूरजवळच्या हिंगण्याचा फॅब्रिकेशनवाला (पत्रा कापून-जोडून वस्तू बनवणारा) बांधलेल्या दरात माल देणार कसा? मग तो पत्र्याची जाडी मारतो, नाहीतर फोन उचलत नाही. म्हणून करारात कच्च्या मालाचा भाव वेगळा लिहा, दर तिमाहीला बदलणारा. मजुरी तेवढी वर्षभर पक्की. थोडं काम बुटीबोरीतल्या दुसऱ्याकडेही ठेवा, महाग पडलं तरी. आणि नोंदणीकृत लघुउत्पादकाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं करा. उशीर केला तर तो खर्च आयकरात प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच वजा होतो.