डोळे मिटल्यावर पूल दिसतो तो कुठं? व्ही-१ म्हणजे ‘पडदा’ म्हणणाऱ्यांसाठी

कृष्णाकाठचा (सांगली): कालच्या पोस्टीतलं हे वाक्य डोक्यात गेलं: “डोळे मिटून आयर्विन पूल आठवा. तो मेंदूच्या मागच्या व्ही-१ या पडद्यावर उमटतो. ज्यांना दिसत नाही त्यांनी रोज सराव करावा.” व्ही-१ म्हणजे डोळ्यांची माहिती मेंदूच्या सालीत पहिल्यांदा उतरते तो भाग. त्याला पडदा म्हटला की आत बसून बघणारा कोण, तेही सांगा! पूल समोर असताना माहिती डोळ्याकडून थॅलॅमस (मेंदूच्या मधलं वाटपाचं ठाणं), व्ही-१ आणि मग कानशिलाखालच्या भागाकडं जाते. आठवताना वाट उलटी. कपाळामागून मागणी निघते, हिप्पोकॅम्पस हा आठवणींचा भाग तुकडे जुळवतो, कानशिलाखाली आकार भरतो. व्ही-१पर्यंत काही पोचलंच तर सगळ्यात शेवटी आणि फिकं. डोळ्याकडचा संदेश व्ही-१च्या चौथ्या थरात येतो, वरून परतणारा मात्र तो थर टाळून खालच्या-वरच्या थरांत शिरतो.

नाक्यावरचा (सातारा): “पोचलंच तर” असं मोघम लिहून सुटायचं नाही. १९९९ मध्ये मानसशास्त्रज्ञ कॉसलिन यांच्या गटानं लोकांना पट्ट्यांचे नमुने पाठ करायला लावले, डोक्याबाहेरून व्ही-१वर चुंबकीय स्पंदनं दिली आणि डोळे मिटून पट्ट्यांची लांबी-रुंदी ताडायला सांगितली. उत्तरं रेंगाळली. व्ही-१चा संबंध नसता तर काम अडलं कशाला?

कृष्णाकाठचा: रेंगाळली, बंद नाही पडली. व्ही-१ निकामी होऊन दृष्टी गेलेले, तरी मनात चित्र शाबूत असलेले रुग्ण नोंदलेले आहेत. डावीकडं कानशिलाखाली इजा झाली की नजर ठीक, पण चित्र गायब, असंही दिसलंय. अनेक मेंदू-चित्रण अभ्यास एकत्र करून २०२१ मध्ये झालेल्या विश्लेषणाचं बोट डाव्या फ्यूजिफॉर्मकडं, म्हणजे कानशिलाखालच्याच एका पट्ट्याकडं आहे, तुमच्या व्ही-१कडं नाही.

नाक्यावरचा: त्या विश्लेषणात एकूण हालचाल वाढली का, एवढंच मोजतात. वाढ नसली तरी व्ही-१मधल्या नमुन्यावरून माणूस कुठल्या दिशेच्या रेघा मनात धरून आहे ते ओळखता येतं. हे सोयीस्कर विसरलात.

चिडका मास्तर (मिरज): तुमचं व्ही-१ राहू द्या ओ बाजूला. ‘सराव करावा’ या दोन शब्दांवर दुकानं चालतात, ते बघा. ‘मिडब्रेन अॅक्टिव्हेशन’, म्हणजे मेंदूचा मधला भाग जागवून पोरांना न बघता दिसायला लावतो म्हणणारे वर्ग! डोळ्याला पट्टी, पोरगं रंग ओळखतंय, आईबाप टाळ्या वाजवतायत. मिडब्रेनचं काम बुबुळं हलवणं, बाहुली लहान करणं, आवाजाकडं वळवणं. तिथं चित्र कुठलं? पट्टीखाली नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते. पोरगं हनुवटी जरा वर करून खाली बघतं. कार्ड छातीशी धरा, वाचतं. कपाळासमोर धरा, अडकतं. खात्री करायची तर पोहण्याचा गॉगल घ्या, काचांना आतून काळ्या चिकटपट्टीचे दोन थर द्या, कडेनं कापूस. चार रंग, वीस कार्डं, पिसून. पाचाच्या आसपास बरोबर आली तर तो निव्वळ अंदाज.

विश्रामबागकर: मास्तर, याच झपाट्यात उद्या अबॅकसही झोडपाल, म्हणजे मण्यांची पाटी मनात आणून हिशेब शिकवणारे वर्ग.

चिडका मास्तर: फी घेतात तेवढी की!

विश्रामबागकर: फीवर भांडा, पण तिथं पट्टीची लबाडी नाही. वरचा मणी पाचाचा, खालचे चार एकेकाचे. मूल मनात एकेक सळई ही एक वस्तू म्हणून धरतं, म्हणून तीन-चार सळयांपुढं चुका वाढतात. हे गुजरातमधल्या मुलांवर तपासून २०१२ मध्ये छापलंय. हिशेब चालू असताना तोंडानं दुसरं काही बोलायला लावलं, तर न शिकलेल्यांचा जेवढा बिघडतो तेवढा यांचा बिघडत नाही. म्हणजे काम शब्दांवर चाललेलं नसतं.

चिडका मास्तर: बरं, अबॅकसवाले पावन. जाहिरातीत ‘एकाग्रता वाढेल, गणितात पहिला येईल’ लिहितात ते कुणी तपासलं?

नाक्यावरचा: धागा मिरज जंक्शनला वळवलात! मूळ पोस्टीतलं शेवटचं वाक्य अजून तसंच आहे. मनात चित्र न दिसण्याला मेंदूविकारतज्ज्ञ झेमन यांनी २०१५ मध्ये ‘अफँटेशिया’ नाव दिलं. गॉल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १८८० मध्येच सकाळच्या नाश्त्याचं टेबल आठवायला लावून असे लोक नोंदले होते. हा आळस नाही. एका डोळ्याला लाल पट्ट्या, दुसऱ्याला हिरव्या दाखवल्या की नजर दोन्हींत हेलकावते. आधी लाल मनात आणलं तर बहुतेकांना लालच आधी दिसतं. अफँटेशियावाल्यांत हा कल दिसत नाही. उजळ आकार कल्पून बाहुली आक्रसते, तीही त्यांची आक्रसत नाही. बाहुली काय ‘सराव’ करणार?

कृष्णाकाठचा: एवढं पटलं. व्ही-१ मात्र नाही. आणि ती लाल-हिरवी चाचणी व्ही-१चीच म्हणून पुढं करू नका, तो हेलकावा व्ही-१च्या पुढच्या टप्प्यांतल्या भागांतही चालतो.

नाक्यावरचा: करणारच होतो.