शब्दचर्चा : हायपोथर्मिया म्हणजे अल्पताप, शीताघात की नुसतं ‘गारठणं’?

कोराकागद :
मंडळी, होडी आणि कयाक चालवणाऱ्यांसाठीच्या एका सुरक्षापुस्तिकेचा मराठी मजकूर करताना ‘हायपोथर्मिया’पाशी अडलो आहे. प्रसंग असा : होडी उलटली, माणूस थंड पाण्यात आहे, अंगात लाइफ जॅकेट आहे, मदत यायला वेळ आहे. समोर चार शब्द आहेत : अल्पताप, शीताघात, गोठणे, गारठणे. कोशातला नेमका शब्द मला नको आहे. वाचणाऱ्याच्या हातून चूक होणार नाही असा हवा आहे.

नाडीपरीक्षा :
‘अल्पताप’ आधी खोडा. मूळ ग्रीक शब्दाची फोड ‘कमी’ आणि ‘उष्णता’ अशी आहे, त्यामुळे तो कागदावर बरोबर दिसतो. पण मराठीत ‘ताप’ म्हटलं की आजारपणाचा ताप. ‘अल्पताप’ वाचणारा ‘थोडी कणकण आहे’ असं समजेल आणि तापाची गोळी शोधेल. इथे स्थिती नेमकी उलटी असते. शरीराच्या गाभ्याचं, म्हणजे हृदय-मेंदूसारख्या आतल्या अवयवांचं तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असतं. ते ३५ च्या खाली गेलं की हायपोथर्मिया.

घरगुती पाऱ्याच्या थर्मामीटरची पट्टी बहुधा ३५ लाच सुरू होते, तेव्हा त्यावर ‘३५’ दिसणं याचा अर्थ ‘३५ किंवा त्याहून कितीही कमी’ असा घ्यायचा.

‘गोठणे’ही नको. गोठतं ते पाणी. बोटाच्या पेशींत बर्फ धरला तर तो हिमदंश, ती वेगळी गोष्ट. हायपोथर्मियात शरीर कुठेच गोठलेलं नसतं. २८ अंशांचं शरीर मरणाच्या दारात असतं आणि २८ अंश म्हणजे बर्फापासून किती लांब!

वल्हेकरी :
‘शीताघात’ फेकू नका, फक्त त्याची जागा बदला. उष्माघातावरून तो सुचतो, पण ‘आघात’ म्हणजे अचानक बसलेला तडाखा. हायपोथर्मिया तसा नसतो, तो हळूहळू चढतो. अगदी बारीक चणीच्या माणसालाही बर्फाळ पाण्यात हायपोथर्मियाने शुद्ध हरपायला साधारण अर्धा तास तरी लागतो, आणि अनेकांना त्याहून जास्त.

अचानक तडाखा बसतो तो पाण्यात पडल्याच्या पहिल्या मिनिटात. कातडी एकदम गार पडते, आपोआप मोठा आचका बसून श्वास आत ओढला जातो आणि पाठोपाठ धाप लागते. श्वास रोखून धरता येत नाही. त्या आचक्याच्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट आत. रक्तदाब आणि नाडी उसळतात, कमकुवत हृदय तिथेच दगा देतं. हा जोर पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळ्यात जास्त असतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. याला मी शीताघात म्हणेन.

यावरची सूचनाही सोपी आहे : पोहू नका. आधी तोंड पाण्यावर ठेवा, पाठीवर रेला, हाताला लागेल ते धरा आणि श्वास ताब्यात येईपर्यंत दुसरं काही करू नका. पुस्तिकेत या मिनिटाला ‘हायपोथर्मिया’ म्हटलं तर वाचणारा घाबरून किनाऱ्याकडे हात मारू लागेल. नेमकी तीच चूक जीव घेते.

जाता जाता : ‘थंड पाणी’ म्हणजे बर्फाळ पाणी असा समज त्याच पुस्तिकेत मोडा. १५ अंशांच्या खाली शीताघात चांगलाच जोरदार असतो. आणि गारठून मरायला १५ ही नको. डिसेंबर १९६३ मध्ये अटलांटिक महासागरातल्या मदैरा बेटाजवळ ‘लाकोनिया’ या प्रवासी जहाजाला आग लागली तेव्हा समुद्र साधारण १८ अंशांचा होता, आणि तिथले बरेच मृत्यू थंडीने झाले. १८ अंशांची हवा असेल तर आपण खिडकी उघडून बसतो! पाणी उष्णता हवेच्या सुमारे २५ पट वाहून नेतं, हा फरक.

शब्दवेल्हाळ :
म्हणजे उरलं ‘गारठणे’. शब्द गोड आहे, पण ढोबळ आहे. हवा गारठते, पाणी गारठतं, ताटातलं अन्न गारठतं, माणूसही गारठतो. मराठीत थंडीची उतरंड याहून बारीक आहे. अंगावर येते ती शिरशिरी. थंडीने अंग चोरून थरथरणं ते काकडणं. दातावर दात आपटतात ते कुडकुडणं. सगळं अंग हलवून सोडते ती हुडहुडी. बोटं वळत नाहीत ती आकडली. स्पर्शच कळेना तो भाग बधिर झाला. आणि सगळं थांबलं की थिजला, जसं मेण थिजतं.

‘हीव’ हा जुना शब्दही आहे, हिम वरून आलेला. पण ‘हिवताप’ने तो पळवला, आणि पुन्हा ‘ताप’ गळ्यात पडतो. तापाच्या थंडीत माणूस कुडकुडतो तेव्हा त्याचं शरीर तापमान वर चढवत असतं, पाण्यातला कुडकुडतो तेव्हा खाली जाणारं सावरत असतं. शब्द एक, दिशा उलट.

या उतरंडीला शरीराचा क्रम जुळतो का, हे जाणकारांनी सांगावं.

नाडीपरीक्षा :
बराचसा जुळतो. ३५ ते ३२ अंश, सौम्य अवस्था : जोरात कुडकुडणं, बोटांनी चेन लागत नाही, पाय अडखळतात, बोबडी वळते, माणूस चिडचिडा किंवा गप्प होतो. ३२ ते २८, मध्यम : गुंगी, असंबद्ध बोलणं, हुडहुडी कमी होत जाऊन थांबते. २८ च्या खाली, तीव्र : शुद्ध नाही, नाडी इतकी मंद की सापडत नाही, आणि साध्या धक्क्यानेही हृदयाची लय बिघडून ते नुसतं थरथरत राहू शकतं.

भाषेच्या दृष्टीने धोका एका वाक्यात आहे : ‘आता त्याचं कुडकुडणं थांबलं.’ मराठी कानाला ही सुटकेची बातमी वाटते. थरथर म्हणजे स्नायू उष्णता तयार करत आहेत, विश्रांतीच्या अवस्थेच्या कितीतरी पट. ऊब न मिळता ती थांबली तर इंधन संपलं किंवा मेंदूचा ताबा सुटला. पुस्तिकेत हे वाक्य ठळक अक्षरात घ्या : ‘कुडकुडतोय तोवर झुंजतोय. थांबला आणि गुंगला तर प्रकृती बिघडली.’

काही जण शेवटच्या टप्प्यात अंगावरचे कपडे काढू लागतात, कारण त्यांना एकदम उकडल्यासारखं वाटतं. ‘उकडतंय म्हणतो, म्हणजे बरा झाला’ असं कुणी लिहू नये, म्हणून सांगितलं.

वल्हेकरी :
शीताघात आणि गारठा यांच्या मध्ये एक टप्पा आहे, त्याला मराठी शब्द कुणी देत नाही. पहिली दहा मिनिटं हातपाय चालतात, मग चालत नाहीत. गाभा अजून ३६ अंशांवर असतो, पण हातांतल्या नसा आणि स्नायू गार पडलेले असतात. पट्टीचा पोहणारासुद्धा उभा होत जातो, हात आखूड पडतात, गटांगळ्या खातो. जॅकेट नसेल तर इथेच संपतो, हायपोथर्मियाची वेळच येत नाही. याला ‘हात लुळे पडणे’ म्हणावं असं मला वाटतं, कारण ‘थकणे’ म्हटलं की वाचणारा जोर लावायला जातो.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी हे १-१०-१ असं बांधलं आहे : श्वास सावरायला १ मिनिट, कामाच्या हालचालींना १० मिनिटं, शुद्ध जाईपर्यंत साधारण १ तास. आकडे ढोबळ आहेत, पण क्रम पक्का.

त्या दहा मिनिटांत करायचं ते असं. जॅकेटचे बंद आवळा आणि मांडीमधून जाणारा पट्टा लावा, नाहीतर जॅकेट वर सरकून तोंड बुडतं. शिट्टी आणि दिवा हाताला येईल असा ठेवा, नंतर बोटं चेन उघडणार नाहीत. उलटलेल्या होडीवर जितकं अंग चढवता येईल तितकं चढवा. वारा बोचतो म्हणून परत पाण्यात उतरू नका, पाणी वाऱ्याहून वेगाने ऊब काढतं. होडी सोडून किनाऱ्याकडे पोहायला निघू नका. आइसलंडचा ग्वुदलाउगुर फ्रिदथोरसन मार्च १९८४ मध्ये ५-६ अंशांच्या पाण्यात पाच-सहा तास पोहून किनाऱ्याला लागला हे खरं, पण त्या बोटीवरच्या पाच जणांत तो एकटाच वाचला.

शब्दवेल्हाळ :
आणि चढता आलं नाही तर? गुडघे छातीशी, दंड बगलेशी घट्ट, हात जॅकेटवर कवटाळलेले, ही स्थिती इंग्रजीत आद्याक्षरांनी ओळखतात. मराठीत तिला आयता शब्द आहे : अंगाचं मुटकुळं करणे. दोघं-तिघं असतील तर छातीला छाती लावून ‘कोंडाळं’, लहान मुलं मध्ये.

वल्हेकरी :
‘मुटकुळं’ एकदम पसंत. फक्त ‘जॅकेट असेल तरच’ हे जोडा. जॅकेटशिवाय मुटकुळं केलं तर माणूस तोंडावर पालथा होतो.

कोराकागद :
आणखी एक अडचण. मूळ मजकुरात ‘इमर्शन’ आणि ‘सबमर्शन’ वेगळे आहेत. मराठीत दोन्हीला ‘बुडणे’ होतं.

नाडीपरीक्षा :
वेगळे ठेवायलाच हवेत. पहिल्यात डोकं वर असतं, दुसऱ्यात नाकतोंड पाण्याखाली. ‘गळ्याइतक्या पाण्यात असणे’ आणि ‘पाण्याखाली जाणे’ असं साधं लिहा. ‘निमज्जन’ लिहिलं तर कुणी वाचणार नाही. १५ एप्रिल १९१२ च्या रात्री ‘टायटॅनिक’ पहाटे २.२० ला बुडालं, मदतीचं जहाज ‘कार्पेथिया’ आलं चारच्या सुमारास, पाणी उणे २ अंश. पाण्यात पडलेल्यांतले बहुतेक जॅकेटमुळे तरंगत होते. जहाज बुडालं, माणसं गारठून गेली. ‘बुडून मृत्यू’ या दोन शब्दांत हा फरक पुसला जातो.

आणि ‘बुडणे’ म्हणजे मरणे असंही नाही. २००२ पासूनच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत बुडणं ही श्वास अडण्याची प्रक्रिया आहे, शेवट काहीही असो. मराठीला हे जड जाऊ नये, ‘बुडता बुडता वाचला’ आपण म्हणतोच.

वल्हेकरी :
‘वर ओढणे’ हे क्रियापदही तपासा. पाण्याचा दाब पायांतलं रक्त वर रेटत असतो. बगलेत दोर घालून माणसाला उभा ओढला की तो दाब एकदम जातो, रक्त पायांत उतरतं, रक्तदाब कोसळतो. तोवर बोलणारा माणूस होडीत घेताच किंवा त्याच्या काही क्षण आधी निपचित पडतो. म्हणून ‘आडवा उचला, आडवाच ठेवा’. बुडण्याचाच धोका असेल तर मात्र जसा हाताला येईल तसा काढा.

नाडीपरीक्षा :
‘ऊब’ आणि ‘शेक’ वेगळे ठेवा. ओले कपडे कापून काढा, अंग न चोळता टिपा, कोरडं पांघरूण आणि त्यावर वारा अडवणारा थर, डोकंही झाका, खालून जमिनीचा गारवा तोडा. ही ऊब. शेक द्यायचा तो फक्त छाती, पाठ, बगला इथे, आणि मध्ये कापड ठेवून, कारण बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. हातपाय चोळणं, चालवणं, गरम पाण्याच्या टबात घालणं हे सगळं बंद. हातापायांतलं गार रक्त गाभ्याकडे येतं. बाहेर काढल्यावरही गाभ्याचं तापमान काही काळ उतरतच असतं, त्यात भर घालू नये. पूर्ण शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल तरच गरम गोड पेय. दारू नाही, तिने कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतात आणि उष्णता निघून जाते.

शब्दवेल्हाळ :
मसुद्यात शेवटी ‘अंग थंड पडलं असेल आणि नाडी लागत नसेल तर...’ असं वाक्य दिसलं. मराठीत ‘अंग थंड पडलं’ म्हणजे गेला. वाचणारा तिथेच हात जोडेल.

नाडीपरीक्षा :
बरोबर पकडलंत. थंडी मेंदूची ऑक्सिजनची गरजही उतरवते. १९९९ मध्ये नॉर्वेत बर्फाखाली अडकलेल्या आना बोगेनहोल्म यांचं तापमान १३.७ अंशांपर्यंत गेलं होतं आणि त्या वाचल्या. वाक्य असं करा : ‘शरीर गार लागलं, हालचाल नसली, तरी मेला असं ठरवू नका. श्वास आणि नाडी पूर्ण एक मिनिट तपासा. नसतील तर छातीदाब आणि कृत्रिम श्वास सुरू करा आणि रुग्णालयात पोचेपर्यंत चालू ठेवा.’ मृत्यू ठरवायचा तो शरीर ऊबदार केल्यावर, आणि तोही डॉक्टरांनी.

कोराकागद :
‘थंड पडलं’ काढलं. पहिल्या मिनिटासाठी ‘शीताघात’, दहा मिनिटांसाठी ‘हात लुळे पडणे’, पुढे ‘हायपोथर्मिया’ तसाच ठेवून पहिल्या उल्लेखाला ‘गाभा गारठणे’ जोडतो. चित्राखाली ‘मुटकुळं’.

वल्हेकरी :
‘गाभा’ छान. नुसतं ‘अंग गारठणे’ लिहिलं असतं तर लोक हातपायच चोळत बसले असते.