घोड्यावरून अहमदपूर ते कंधार, दोन मुक्काम: प्लॅन बघून सांगा

बालाघाटी_गडी:
रामराम मंडळी. जानेवारीत आम्ही तिघं मित्र दोन घोडे घेऊन अहमदपूरवरून माळेगाव, लोहा करत कंधारला जायचा प्लॅन करायलोत, मधी दोन मुक्काम तंबू टाकून. घोडे काकाचे हायेत, काठेवाडी, एरवी वरातीत चालतात म्हणून बँड-फटाक्याला बुजत नाहीत. तंबू, भांडी, चंदीचं (घोड्याच्या दाण्याचं) पोतं सगळं घोड्यावरच टाकायचं म्हणायलोत. जमंल का? अन् शेवटचा मुक्काम कंधारच्या किल्ल्यात करावा वाटायलाय.

पागेवाला_लातूर:
दादा प्लॅन लई आवडला, पण सामान घोड्यावरून उतरवा. घोड्यानं त्याच्या वजनाच्या 20 टक्क्यापर्यंतच ओझं न्यावं, म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोड्याला 70 किलो, त्यात खोगीर पण आलं अन् तुम्ही पण आलात. मग पोतं कुठं बसतंय? सामान छोट्या हत्तीत (छोट्या टेम्पोत) टाका, तिसऱ्या गड्यानं गाडी चालवावी, आलटून पालटून बसा. चालीनं घोडा तासाला 6 किलोमीटर जातो, वरातीच्या घोड्याला लांबच्या चालीची सवय नसते, दिवसाला 15-20 किलोमीटरच्या वर जाऊ नका आणि निघायच्या आधी महिनाभर रोज थोडं थोडं वाढवत फिरवा.
मुक्काम पाणी बघून ठरवा, जागा कितीबी भारी असू द्या. एका घोड्याला दिवसाला 25-40 लिटर पाणी लागतं, बाटल्यात नेऊन भागत नाही, तवा विहीर-बोअरवाल्या शेतकऱ्याला आधीच फोन करून ठेवा. कडबा आधी, चंदी नंतर, तीबी घोडा जरा गार झाल्यावर तोबऱ्यात (तोंडाला बांधायच्या पिशवीत) थोडी थोडी. हरभरा जास्त झाला की पोटशूळ धरतो अन् घोड्याला उलटी करताच येत नाही, त्यामुळं गंमत जिवावर जाते.
किल्ला संरक्षित स्मारक हाय, आत घोडे बांधायचा विचार सोडा. गावाबाहेर थांबा, सकाळी बघा.

जनावरांचा_डॉक्टर:
निघायच्या पंधरा दिवस आधी नालबंदाकडून नाल बघून घ्या, आदल्या दिवशी ठोकून निघू नका. धनुर्वाताची लस घोड्याला हवीच, खुराला खिळा टोचला तर हा आजार फार लवकर होतो. माळेगावला खंडोबाची यात्रा डिसेंबर-जानेवारीत भरते, घोड्यांचा मोठा बाजार असतो, तिथं अनोळखी घोड्यांसोबत एकाच हौदावर पाणी पाजू नका, बादली स्वतःची ठेवा. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य आजार माणसालाही होतो, नाकातून पिवळा चिकट स्राव किंवा अंगावर गाठी दिसल्या तर त्या घोड्यापासून दूर राहा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. कुणाच्या रानातली कोवळी ज्वारी चरू देऊ नका.

बालाघाटी_गडी:
लई उपकार, सामान गाडीत जाईल. रात्री मोकळं सोडावं का बांधावं?

पागेवाला_लातूर:
बांधा, मोकळं मुळीच नको. अगाडी-पिछाडी (पुढची-मागची दावी) लावा, खुंटे मजबूत ठोका, दोन घोड्यात लाथ लागणार नाही एवढं अंतर ठेवा. झोपायच्या आधी एकदा खरारा करून (अंग ब्रशनं घासून) पाठ बघा, खोगीराखाली कातडं सोललं असंल तर दुसऱ्या दिवशी त्या घोड्यावर बसायचं नाही, पायी चालायचं. अन् डांबरी रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून येतात, बँडची सवय असली तरी त्याला बुजतील, बैलगाडीच्या कच्च्या वाटेनं जा.