मदत हवी आहे : गाय एका रात्रीत दगावली, काकांच्या दंडावर काळी खपली, हा फाशी रोग (अँथ्रॅक्स) असू शकतो का?

नमस्कार.

माझे काका सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे एका वाड्यावर राहतात. कुळागर, थोडी काजूची बाग आणि चार गुरे एवढाच त्यांचा पसारा आहे. मागच्या आठवड्यात सोमवारी संध्याकाळी नेहमीप्रमाणे दूध दिलेली त्यांची पांढरी गाय, म्हणजे आपली गोव्याची श्वेतकपिला, मंगळवारी पहाटे गोठ्यात मरून पडलेली आढळली. पोट ढोलासारखे फुगले होते आणि एका नाकपुडीतून काळपट, पातळ रक्त गव्हाणीच्या दगडावर ओघळले होते. काकूंचे म्हणणे असे की सूर्य वर आला तरी ते रक्त गोठले नव्हते.

पशुवैद्य आले तेव्हा शेजारचे दोघे जण गाय फाडून कारण बघायच्या तयारीत होते. त्यांना त्यांनी जवळजवळ ओरडूनच थांबवले. कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेतला, नाकात आणि गुदद्वारात औषधात भिजवलेले कापसाचे बोळे घट्ट बसवले आणि गाय खोल पुरायला सांगितली. ‘फाशी’ हा शब्द आम्ही तेव्हा प्रथम ऐकला. गोठ्यामागे हातभर मातीखाली सगळा जांभा असल्यामुळे जेसीबी आणूनही खड्डा जेमतेम पाच फूट झाला, आणि त्याच्या उतारावर चाळीसेक पावलांवर घरची विहीर आहे.

खरी काळजी पुढे आहे. काकांनी गाय उघड्या हातांनी दोर बांधून ओढली होती. शनिवारी त्यांच्या दंडाच्या आतल्या बाजूला, काखेजवळ, एक पुळी दिसली आणि आता तिथे चण्याएवढी काळी खपली धरली आहे. ती दुखत नाही. दोन दिवसांपासून ताप आणि डोकेदुखी मात्र आहे. ते शहरातल्या एका खासगी डॉक्टरांकडे गेले आणि ‘काळपुळी झाली आहे’ असे सांगून मोकळे झाले. काकांना दहा वर्षांपासून मधुमेह आहे हे डॉक्टरांना ठाऊक असल्यामुळे त्यांनी साखर तपासली, मलम दिले आणि पथ्य सांगितले. गायीचा विषय डॉक्टरांनी काढला नाही आणि काकांनीही सांगितला नाही. वाड्यावर तर ताप म्हटला की आधी गोचिडीतून होणाऱ्या माकडतापाचेच नाव निघते. २०१५ पासून सत्तरीने जे सोसले आहे ते पाहता त्यात नवल नाही.

काकांना कुठे न्यावे, उरलेल्या तीन गुरांचे आणि त्यांच्या दुधाचे काय करावे, आणि त्या खड्ड्यामुळे विहिरीला धोका आहे का, हे कोणी जाणकार सांगतील का?

प्रतिसाद (निवृत्त पशुवैद्य, फोंडा)

तुमच्या पशुवैद्यांनी केले ते अगदी योग्य केले, आणि गाय फाडू दिली नाही हे तर सर्वांत महत्त्वाचे. या रोगाच्या जंतूला जिवंत शरीरात बीजाणू तयार करता येत नाहीत. त्यासाठी त्याला हवेतला प्राणवायू लागतो. कातडी शाबूत राहिली तर आतल्या कुजण्यानेच बहुतेक जंतू दोन-तीन दिवसांत मरतात. सुरी लागली, रक्त मातीवर सांडले, की तेच जंतू बीजाणूंचे कवच घेतात आणि मातीत कित्येक दशके टिकून राहतात. स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर १९४२ मध्ये या बीजाणूंचे युद्धप्रयोग झाले होते, आणि ते बेट सुरक्षित असल्याचे जाहीर व्हायला १९९० साल उजाडले.

काचपट्टीवरचे रक्त पॉलिक्रोम मिथिलीन ब्लू या रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. चौकोनी टोकांच्या निळ्या दांड्या आणि त्यांच्याभोवती गुलाबी आवरण दिसले, तर निदान जवळपास पक्के होते. ही तपासणी थोड्या वेळाची आहे, तेव्हा निकालासाठी रोज पाठपुरावा करा. मात्र एवढ्यात धीर सोडू नका. हे बीजाणू चुन्याचा अंश असलेल्या, अल्कधर्मी मातीत अधिक टिकतात आणि आपली जांभ्याची माती आम्लधर्मी आहे. एका रात्रीत गाय मरण्याची इतर कारणेही पुष्कळ आहेत. घटसर्प आणि फऱ्या हे गुरांचे रोग, सर्पदंश, विषारी पाला, वीज या सगळ्यांत असाच प्रकार दिसू शकतो, आणि मेलेले जनावर फुगते ते तर कोणत्याही कारणाने. न गोठलेले रक्त हे लक्षण मात्र मीही हलके घेणार नाही. गेल्या काही महिन्यांत घाटापलीकडून एखादे जनावर किंवा चारा आणला होता का, हे काकांना विचारा.

उरलेल्या गुरांचा ताप सकाळ-संध्याकाळ थर्मामीटरने मोजून वहीत लिहा. चाळीस अंश सेल्सियसच्या वर आकडा गेला तर जनावर खात-पीत असले तरी थांबू नका, डॉक्टरांना लगेच बोलवा. या रोगात उपचाराला मिळणारा वेळ तासांत मोजावा लागतो. निकाल येईपर्यंत दूध ना घरात, ना सोसायटीत. गुरे विकू नका, दुसऱ्यांच्या कुरणात सोडू नका. फाशी ठरलाच तर पेनिसिलिनसारखे औषध द्यायचे की लस टोचायची, हे पशुवैद्यांनाच ठरवू द्या. ही लस म्हणजे रोगकारक शक्ती काढून घेतलेले जिवंत बीजाणू असतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी दिल्यास औषधच लस निकामी करते.

गोठ्यात फिनेल शिंपडले म्हणजे काम झाले, अशी एक समजूत आहे. फिनेलने बीजाणू मरत नाहीत. रक्त लागलेली माती, शेण आणि गवत तिथल्या तिथे जाळा, आणि गव्हाणीच्या दगडासाठी फॉर्मेलिनचे द्रावण पशुवैद्यांच्या देखरेखीखालीच वापरा. खड्ड्यात चुना टाकला असल्यास असू द्या, त्याबाबत तज्ज्ञांतच मतभेद आहेत. पुरलेल्या जनावराच्या जागेवरून गांडुळे बीजाणू वर आणतात, असे पाश्चरने १८८० मध्येच मांडले होते. म्हणून त्या जागेवर मातीचा उंच ढीग रचा, भोवती दगडी गडगा घाला आणि वरच्या अंगाला चर खणून पावसाचे पाणी विहिरीकडे न जाता बाजूला जाईल असे पाहा. तोवर पिण्यासाठी नळाचे पाणी वापरा.

प्रतिसाद (वैद्यकीय अधिकारी, दक्षिण गोवा)

वरच्या प्रतिसादात गुरांचे सर्व आले आहे, म्हणून मी काकांविषयीच लिहिते. सगळा घोटाळा एका शब्दाने केला आहे. मराठीत ‘काळपुळी’ हे नाव फाशी रोगाच्या पुळीलाही आहे आणि मधुमेही माणसाच्या पाठीवर किंवा मानेवर होणाऱ्या पुवाच्या मोठ्या गळवालाही आहे. डॉक्टरांनी दुसरा अर्थ घेतला, आणि मधुमेही रुग्ण समोर असताना बहुतेकांनी तोच घेतला असता. (अँथ्रॅक्स हा मूळ ग्रीक शब्दसुद्धा कोळशाचाच आहे, तेव्हा खपलीचा रंग सगळ्यांनाच आधी दिसला म्हणायचा.)

गळू ठणकते आणि त्यातून पू येतो. फाशीची पुळी आधी खाजते, मग तिच्यावर पाण्याचे फोड येतात, मधोमध काळी खपली धरते, भोवती बरीच सूज येते आणि तरीही ती दुखत नाही. माणसांतले पंचाण्णव टक्क्यांहून अधिक रुग्ण याच त्वचेच्या प्रकाराचे असतात. उपचार न झाल्यास त्यातले वीस टक्क्यांपर्यंत दगावू शकतात, आणि वेळेवर प्रतिजैविके मिळाली तर मृत्यू क्वचितच होतो. माणसाकडून माणसाला हा रोग सहसा होत नाही, तेव्हा काकूंनी घाबरू नये.

पण एक गोष्ट मला खटकते आहे. दोर ओढताना हात लागले, आणि पुळी मात्र काखेजवळ आली. फाशीची पुळी बहुधा उघड्या भागावर, म्हणजे हातांवर, चेहऱ्यावर किंवा मानेवर येते. काख, कंबर, जांघ अशा झाकलेल्या जागी न दुखणारी काळी खपली आणि सोबत ताप व डोकेदुखी असेल, तर पावसाळ्यात आणि त्यानंतर गोव्यात स्क्रब टायफसचा विचार करावाच लागतो. गवतातल्या बारीक गोचिडीसारख्या किड्याच्या पिल्लांच्या चाव्यातून तो होतो. काकांनी चवथीच्या आसपास गवत कापले होते का? काहीही असले तरी आज रात्रीच त्यांना बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) न्या. खपली सोलू नका, पुळी फोडू नका, आणि पहिल्या वाक्यातच मेलेल्या गायीचे सांगा, म्हणजे औषध सुरू करण्याआधी नमुने घेतले जातील.

मूळ लेखकाकडून, पाच दिवसांनी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. गायीच्या काचपट्टीवर फाशीचे जंतू आढळले नाहीत, आणि गाय बहुधा घटसर्पाने गेली असावी असा पशुवैद्यांचा अंदाज आहे. उरलेल्या गुरांना ताप नाही आणि घटसर्पाची लस त्यांना परवा टोचली. काकांची स्क्रब टायफसची तपासणी सकारात्मक आली. गायीच्या मृत्यूच्या आठवडाभर आधी त्यांनी डोंगरावरून सलग चार दिवस गवताचे भारे डोक्यावरून आणले होते, ही गोष्ट गोमेकॉत विचारल्यावरच बाहेर आली. डॉक्सिसायक्लिन सुरू केल्यावर दोन दिवसांत ताप उतरला.

खड्ड्याभोवतीचा गडगा काकूंनी तरीही पूर्ण करून घेतला आहे. माझा एकच प्रश्न उरला आहे : गाय घटसर्पाने गेली असेल तर त्या जागेवर गडी गवत कापू लागले तर चालेल का, की तिथे गुरे अजिबात नेऊ नयेत?

प्रतिसाद (निवृत्त पशुवैद्य, फोंडा)

घटसर्पाचा जंतू बीजाणू करत नाही, त्यामुळे तो मातीत फाशीसारखा वर्षानुवर्षे टिकत नाही. हा पावसाळा आणि पुढचा उन्हाळा जाऊ द्या, मग त्या जागेवरचे गवत कापायला हरकत नाही. गवत कापणाऱ्याने पूर्ण बाह्यांचा सदरा आणि बूट घालावेत, आणि घरी आल्यावर आंघोळ करून कपडे गरम पाण्यात टाकावेत. ते आता काकांना वेगळे सांगायला नको.