अंदमान ट्रंक रोड : जारवांच्या जंगलातला टप्पा पर्यटकांसाठी बंद करावा का?

मिठागर

मागच्या महिन्यात आम्ही बारा जण अंदमानला जाऊन आलो. सेल्युलर जेल पाहिलं, सावरकरांच्या कोठडीत उभं राहिल्यावर सगळ्यांचेच डोळे भरून आले. त्याबद्दल वेगळं लिहीन. हा धागा त्याच्या दुसऱ्या दिवसाबद्दल आहे.

बारातांग बेटावरच्या चुनखडीच्या गुहा बघायच्या म्हणून पहाटे तीनला उठवून गाडीत बसवलं. पोर्ट ब्लेअरहून (आता श्री विजयपुरम) जिरकाटांगच्या नाक्यावर पोचलो तेव्हा अंधारच होता आणि पुढे गाड्यांची लांबच लांब रांग. तिथून मिडल स्ट्रेटच्या धक्क्यापर्यंत साधारण पन्नास किलोमीटर रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. एकट्यादुकट्या गाडीला सोडत नाहीत, ताफ्यानेच जायचं. फॉर्म भरा, काचा वर, कॅमेरा आत, ओव्हरटेक नाही, थांबणं नाही, वेग ताशी 40. सहाला ताफा सुटला.

अर्ध्या तासाने एका वळणावर एक बाई आणि चारेक वर्षांचं पोर कडेला उभं दिसलं. आमच्या गाडीत एकदम "दिसले, दिसले" सुरू झालं. पुढच्या बसने हॉर्न दिला आणि त्या पोराने दोन्ही हात कानांवर दाबून धरले. आमची गाडी पुढे गेली तरी मी मागे वळून बघत होते. हात तसेच होते, कारण मागून गाड्या येतच होत्या. पुढे कडेला खडीचे ढीग आणि डांबराची पिंपं होती. म्हणजे रस्ता आणखी चांगला होणार, गाड्या आणखी येणार.

परत आल्यावर वाचलं. 2011च्या जनगणनेत जारवा 380 होते. संपूर्ण अंदमान-निकोबारची लोकसंख्या होती 3,80,581. हजारात एक. सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2002 रोजी राखीव क्षेत्रातला हा रस्ता बंद करायला सांगितलं होतं. मी त्याच्यावरून 2002 नंतर कितीतरी वर्षांनी गेले आणि जाताना मला हे माहीतही नव्हतं, याची लाज वाटते.

माझं मत: स्थानिकांची बस, रुग्णवाहिका, मालाचा ट्रक चालू राहू दे. पर्यटकांच्या गाड्या आजपासून बंद. स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला, आपण सगळे बोटीनेच जातो. तिथे कोणी रस्ता मागत नाही. मग बारातांगलाच का?

बेटावरचा

ताई, मनापासून लिहिलंय ते कळतं. पण मी बदलीवर मध्य अंदमानातल्या रंगतला चार वर्षं काढली आहेत, म्हणून दुसरी बाजू सांगतो.

उत्तर आणि मध्य अंदमान जिल्ह्यात 2011ला एक लाख पाच हजारांवर माणसं होती. यातले बरेचसे कोणी हौसेने आलेले नाहीत. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने 1949 पासून आणून इथे वसवलं, जंगल तोडून भात लावा म्हणाले. जंगलतोडीसाठी छोटा नागपूरहून मजूर आणले, त्यांना तिथे आजही 'रांची' म्हणतात. मायाबंदरचे कारेन लोक त्याहून आधीचे, ब्रिटिशांच्या काळात ब्रह्मदेशातून आलेले. त्यांच्या नातवंडांना आता "तुमचा रस्ता बेकायदेशीर आहे" असं कोण सांगणार?

आमच्या शेजारची मुलगी बाळंतपणात अडली. रंगतला सोय नव्हती, पोर्ट ब्लेअरच्या मोठ्या रुग्णालयात न्या म्हणाले. अंतर साधारण 170 किलोमीटर. समुद्र खवळलेला, बोट रद्द. रस्त्याने नेली. वाटेत बार्ज (गाड्या पलीकडे नेणारी मोठी होडी), मग जंगल, मग नाका. मी त्या गाडीत होतो. ती आणि बाळ दोघंही वाचले. मला त्या रस्त्यातला प्रत्येक खड्डा आठवतो, म्हणून डांबराची पिंपं दिसली की मला बरं वाटतं.

पर्यटक बंद करा म्हणणं सोपं आहे. पण बारातांगला गुहांकडे बोटी नेणारी मुलं, नीलांबूरच्या धक्क्यावर जेवण रांधणाऱ्या बाया, यांचं पोट त्या ताफ्यावरच आहे.

रानवाट

बेटावरचा, त्या मुलीचं वाचून बरं वाटलं. पण तुमच्या प्रतिसादात जारवा कुठेच नाहीत. एक लाख माणसांची गरज सांगून झाली की 380 जणांचा विषय आपोआप मिटतो, असं या वादात दर वेळी होतं.

मी मानववंशशास्त्र शिकवते. ग्रेट अंदमानी या तिथल्याच दुसऱ्या जमातीचं काय झालं ते आधी वाचा. 1858ला इंग्रजांनी वसाहत थाटली तेव्हा ते काही हजार होते. 1961ला 19 उरले. बंदुकीपेक्षा जास्त माणसं गोवर, इन्फ्लुएन्झा, उपदंश यांनी नेली. जारवा वाचले कारण ते जंगलातून बाहेर आले नाहीत आणि कोणाला आत येऊ दिलं नाही. 1970च्या दशकात हा रस्ता बांधताना त्यांनी बाण सोडले, कामगार मारले गेले, सशस्त्र पहाऱ्यात काम पुढे रेटलं. आपल्या घरातून रस्ता नको, हे त्यांनी जितक्या स्पष्टपणे सांगता येईल तितकं सांगितलं होतं.

1997च्या अखेरीला ते पहिल्यांदा वैर न धरता वस्त्यांकडे यायला लागले आणि 1999ला गोवराची साथ आली. 2006ला पुन्हा. 1997 आणि 1999 यांमधलं अंतर बघा. जानेवारी 2012मध्ये जारवा बायकांना खाऊच्या बदल्यात नाचवणारी चित्रफीत जगभर गेली, तीही याच रस्त्याची देणगी. त्यानंतर आदिवासींच्या संरक्षण कायद्यात तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद झाली. कायदा कडक झाला आणि गाड्या तशाच राहिल्या.

त्यामुळे मिठागर, तुमचा मधला मार्गही मला पुरेसा वाटत नाही. पूर्ण टप्पा बंद व्हायला हवा. न्यायालयाने पर्यटकांचा रस्ता वेगळा आणि स्थानिकांचा वेगळा असं म्हटलं नव्हतं.

दगडखाण

स्थापत्य अभियंता आहे, बेटांवर दोन वर्षं रस्त्याच्या कामावर होतो. थोडी जमिनीवरची माहिती देतो, कारण "समुद्रमार्गाने जा" हे वाक्य इथे फार सहज लिहिलं जातंय.

अंदमानात पाऊस दोन्ही मोसमांचा. मे ते डिसेंबर जवळपास सलग, वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास. डांबराचं काम करायला जानेवारी ते एप्रिल एवढीच खिडकी. दगड आपल्या सह्याद्रीसारखा काळा पाषाण नाही. बऱ्याच भागात वालुकाश्म आणि शेलचे थर आहेत, पाण्यात सुटतात, डोंगराची बाजू घसरते. वाळूउपशावर 2002च्या त्याच आदेशाने बंधनं आली, जी यायलाच हवी होती. डांबर मुख्य भूमीवरून जहाजाने येतं. जहाज आठवडाभर उशिरा आलं की मजूर बसून राहतात आणि तोवर खिडकी मिटते.

मी एक मोरी बांधली होती. रस्त्याखालून पाणी नेणारी साधी नळ्याची मोरी, काही विशेष नाही. तिच्या आधी तिथलं पाणी दर पावसात रस्त्यावरून वाहायचं, भराव खचायचा, गाड्या तासन्‌तास अडकायच्या. आणि गाड्या जंगलात अडकणं हेच जारवांसाठी सगळ्यात वाईट. ड्रायव्हर उतरतात, बिस्किटं देतात, गुटखा देतात. मोरी झाल्यावर त्या जागी कोणी थांबेना. रानवाटबाई, म्हणून सांगतो: खराब रस्ता जारवांचं रक्षण करत नाही. माणसं चटकन पार होतील असा रस्ता करतो.

आता बोटीबद्दल. 26 डिसेंबर 2004च्या भूकंपात दक्षिणेकडची जमीन सुमारे मीटरभर खाली गेली आणि उत्तरेकडची वर आली. म्हणजे एकीकडे जेट्टी भरतीत बुडायला लागली, दुसरीकडे किनारा उथळ झाला. जेट्ट्यांचे खांब तडकले. मध्य आणि उत्तर अंदमान जोडणाऱ्या, ऑस्टिन सामुद्रधुनीवरच्या पुलाचे गाळेसुद्धा जागचे सरकले होते, ते नाकारत नाही. माझं म्हणणं एवढंच की अशा ठिकाणी एकाच मार्गावर लाखभर माणसांना टांगून ठेवणं धोक्याचं आहे. बोटही हवी, रस्ताही हवा.

रानवाट

दगडखाण, मोरीचा मुद्दा प्रामाणिक आहे, त्यावर विचार करीन. पण गुळगुळीत रस्त्यावर गाड्यांची संख्या वाढते हे तुम्हालाही मान्य असेल. दिवसातून चार ताफे पुरत नाहीत, आणखी सोडा, रुंद करा, ही मागणी त्यातूनच येते. तुम्ही एक मोरी बांधली. तुमच्यानंतर येणारा दोन पदरी करायला येईल.

दगडखाण

रुंदीकरणाला माझाही विरोध आहे, तो मी लिहायला हवा होता. राखीव जंगलात एक झाडही रस्त्यासाठी पडू नये. गटारं, मोऱ्या, कठडे, खड्डे बुजवणं, बस. साइडपट्टीसुद्धा वाढवू नये, कारण साइडपट्टी झाली की गाडी बाजूला घेऊन थांबता येतं.

पायवाट२२

एक वेगळा प्रश्न. जारवांना कोणी विचारलं का? त्यांच्यातले काही तरुण आता हिंदी बोलतात, कदमतलाच्या दवाखान्यात येतात. त्यांना रस्ता नकोच आहे असं आपण इथे बसून का ठरवतो? कदाचित त्यांना ये-जा हवी असेल. आपण त्यांना काचेच्या पेटीत ठेवायला निघालोय असं मला वाटतं.

रानवाट

प्रश्न योग्य आहे आणि त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. 2004च्या जारवा धोरणात त्यांना मुख्य प्रवाहात ओढण्याचा प्रयत्न करू नये आणि रस्त्यावरची वाहतूक मर्यादित ठेवावी असं म्हटलं आहे. त्यात त्यांच्या इच्छेला किंमत आहे. पण इच्छा विचारायची तर ती ताफ्याच्या खिडकीतून विचारता येत नाही. ज्या मुलाने जन्मल्यापासून गाड्या आणि बिस्किटाचे पुडे पाहिले, त्याला "रस्ता हवा का" विचारणं आणि त्याच्या आजोबांना 1975ला विचारणं यात फरक आहे. आजोबांचं उत्तर बाणाच्या टोकावर होतं.

काचेच्या पेटीत कोणी ठेवू नये. ज्या दिवशी त्यांना यायचं असेल त्या दिवशी ते चालत येतील, 1997ला आले तसे. रस्त्याने मात्र आपण त्यांच्याकडे रोज जातो, न विचारता.

मिठागर

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. दगडखाण दादांची मोरी आणि साइडपट्टीची गोष्ट मला कधीच सुचली नसती. रुंदीकरण नको, दुरुस्ती हवी, हे मी माझ्या मतात जोडते.

बेटावरचा, तुम्हाला थेट विचारते. त्या मुलीला नेताना पर्यटकांच्या गाड्यांनी तुम्हाला मदत झाली की अडचण? 2013च्या जानेवारीत न्यायालयाने पर्यटकांना काही आठवडे मनाई केली होती, मार्चमध्ये ती उठली. त्या दिवसांबद्दल तुमच्या ओळखीचे लोक काय सांगतात?

बेटावरचा

ताई, प्रामाणिक उत्तर देतो, जरी ते माझ्या आधीच्या प्रतिसादाच्या विरुद्ध जात असलं तरी.

अडचण झाली. धक्क्यावर बार्जसाठी गाड्या उभ्या होत्या, निम्म्याहून जास्त पर्यटकांच्या. आमच्या ड्रायव्हरने पुढे जाऊन हातापाया पडून जागा मागितली. एका टूरच्या माणसाने आपली गाडी मागे घेतली, त्याचे उपकार मी विसरणार नाही. पण मागायची वेळ यायला नको होती. सुपारीचा आणि केळ्यांचा माल घेऊन येणारे ट्रकही तसेच ताटकळतात, हे रंगतच्या बाजारात कोणालाही विचारा.

2013च्या बंदीत मी तिथे नव्हतो. शेजारी सांगायचे की त्या दिवसांत बस वेळेवर यायची. आणि त्याच तोंडाने हेही सांगायचे की बारातांगच्या पोरांनी बोटी बांधून ठेवल्या आणि कामाला पोर्ट ब्लेअरला गेली.

म्हणून माझी अट अशी: आधी पूर्वेच्या बाजूने बारातांगला पर्यटकांची बोट सुरू करा, ती त्याच गावातल्या पोरांच्या धक्क्यावर लागू दे, आणि मग जिरकाटांगला टूरच्या गाड्या थांबवा. उलट्या क्रमाने केलं तर मी विरोध करीन. रानवाट म्हणतात तसा पूर्ण रस्ता बंद, याला तर शेवटपर्यंत विरोध करीन.

रानवाट

तुमच्या क्रमाला माझी हरकत नाही, फक्त तारीख हवी. "आधी पर्याय, मग बंदी" हे 2002 पासून ऐकतेय आणि त्या काळात जन्मलेली जारवा मुलं आता स्वतः आईबाप आहेत. पूर्ण बंदीवर आपलं जमणार नाही, ते राहू दे.

मिठागर

डिसेंबरमध्ये माझी बहीण तिच्या सासरच्यांबरोबर अंदमानला जाते आहे. काल तिच्या टूरवाल्यांना फोन करून बारातांगचा दिवस काढायला सांगितलं. ते म्हणाले, पैसे कमी होणार नाहीत, तो दिवस हॉटेलवर बसावं लागेल. ती बसणार आहे. सासऱ्यांना कसं समजावलं विचारलं, तर म्हणाली, त्या पोराने कान झाकले होते एवढंच सांगितलं.